पिठावरचा ठसा

आज सकाळी भाकरी करायला घेतली आणि परातीतल्या पिठाच्या गोळ्यावर सहज अंगठा दाबला. खळगा पडला. मी बघत राहिले. कडा जराशा फाटल्या, पण खळगा होता तसाच राहिला. ज्वारीचं पीठ असंच असतं, एकदा दाबलं की दाबलं. गव्हाची कणीक मात्र लबाड. दाबाल तेवढी दबते, आणि तुमची पाठ वळली की हळूहळू फुगून पहिल्यासारखी होते. हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मलाही होतं. तरी एका हिवाळ्यात मी ते वेळेवर बोलले नाही.

थंडी पुन्हा पडली आहे. नळाचं पाणी बोटांना चावतं आणि खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. मानवतच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या की कडेच्या बाभळींना कापूस लागतो. जणू झाडांनी आपली आपण वेचणी केली आहे. या दिवसांत मला काही धड सुचत नाही. वर्गात मुलांना व्याकरण शिकवता शिकवता मी खिडकीबाहेर बघत राहते. तीन हिवाळ्यांपूर्वीचा तो हिवाळा कुठून कुठून येतो, कधी लोखंडाच्या वासातून, कधी हुरड्याच्या आगटीतून, आणि रविवारी सकाळी पाथरी रस्त्यावरून जाणाऱ्या त्या हिरव्या गाडीच्या आवाजातून तर हमखास.

गाडी आमची नाही, नंदूशेठची आहे. नंदूशेठ कापसाचे व्यापारी, पन्नाशीचे, पोट सुटलेले आणि मनानं अजून कॉलेजात. हैदराबादेत कुणाच्या तरी शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून असलेली ही जुनी विलायती गाडी त्यांनी ट्रकवर घालून आणली. दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीला टेकलेली. बैलगाडीशेजारी उभी राहिली तर चाकाएवढीही उंच नाही. घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं. ते गाडी घेऊन तडक आमच्या वर्कशॉपवर आले.

"मिस्त्री, ही नुसती दिसायला हाय," ते म्हणाले. "चढ आला की म्हशीवानी उभी ऱ्हाती. हिला पळवा."

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळा तालुका त्यांना मिस्त्री म्हणतो, तेव्हा लिहिताना मीही तेच म्हणते. नाव घ्यायचा संकोच नाही, उखाण्यात चांगलं खणखणीत घेतलेलं आहे. त्यांचा धंदा ट्रॅक्टरच्या आणि पाण्याच्या इंजिनांचा, पण नाव झालं ते कानामुळं. पाथरीहून, सेलूहून लोक यायचे, इंजिन चालू करायचे आणि गप्प उभे राहायचे. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे आणि पाना न उचलता दुखणं सांगायचे. 'मिस्त्रीचा कान' असं लोक म्हणायचे. आमचं घर त्या कानावर चाललेलं होतं.

त्या दिवशीही त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "हिचं नाक चोंदलंय."

इंजिनाच्या वर एक जाड लोखंडी ठोकळा बसतो, त्याला हेड म्हणतात. वारा आत यायच्या वाटा त्याच्यात, धूर बाहेर जायच्या वाटाही त्याच्यातच, आणि त्यांची दारं म्हणजे व्हॉल्व्ह. मिस्त्रींनी ते हेड खोलून टेबलावर ठेवलं, माझी करंगळी धरली आणि एका वाटेत घातली.

"बघ, हितं उंबरा लागतोय का?"

लागत होता. ओतकामाच्या वेळी राहून गेलेली एक बारीकशी पायरी.

"वारा हितं ठेचकाळतो. असल्या आठ वाटा. ह्या गुळगुळीत केल्या, जरा रुंद केल्या, की ही पोट भरून श्वास घील. इंजिन म्हंजी दुसरं काय असतंय गं? जेवढा श्वास तेवढी धाव."

पुढचा दीड महिना त्यांनी त्या वाटा घासल्या. मी शाळेतून आले की सायकल भिंतीला लावून तिथंच बसायची. हातातल्या ग्राइंडरची बारीक किणकिण चालायची, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात लोखंडाची भुकटी तरंगायची, आणि मिस्त्री मधेच थांबून, डोळे मिटून, करंगळीनं आत चाचपायचे. आत यायची वाट त्यांनी आरशासारखी केली नाही. थोडी खरखर राहू दिली. "पेट्रोल वाऱ्यात मिसळायला जरा खरखर लागती," म्हणायचे. व्हॉल्व्हच्या वरच्या खोलग्यात किती पाणी मावतं ते बघायला गुरांच्या दवाखान्यातून मोठी सिरिंज आणली होती. चारही खोलग्यांत थेंबाचाही फरक नको. एवढ्या निगुतीनं मापलेली गोष्ट मी आमच्या घरात दुसरी पाहिली नाही. चहात साखर मात्र अंदाजानं.

हे सगळं ते मोबाईलवरच्या व्हिडिओंतून शिकत होते. परदेशातली माणसं, इंग्रजी बोलणं. एकदा माझ्या लक्षात आलं की व्हिडिओचा आवाज पूर्ण बंद आहे.

"अहो, आवाज तरी लावा."

"आवाज कशाला? हात दिसायलेत न्हवं त्यांचे."

मला ते हुशारीचं वाटलं. मी शाळेत जाऊन सांगितलंसुद्धा.

मग पिंगळीला माझ्या भावाच्या शेतात हुरड्याला गेलो. ज्वारी दुधावर आलेली, गोवऱ्यांच्या आगटीत कणसं खुपसलेली, तळहातावर चोळलेला हिरवा दाणा आणि लसणाची चटणी. तेवढ्यात पोपटांचा मोठा थवा आला. डोक्यावरून असा कलकलाट करत गेला की माझ्या भावजयीनं कानांवर हात ठेवले. मिस्त्री हुरडा चोळत, वर न बघता म्हणाले, "यंदा पाखरं लय गप हायती."

सगळे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मी हसले नाही. माझ्या हातातला हुरडा गार होईपर्यंत मी त्यांच्याकडं बघत होते. दूर रुळांवरून मालगाडी गेली, तेव्हा मात्र त्यांनी मान वळवली. खालचा, जाडा आवाज त्यांना येत होता. बारीक आवाज जात चालले होते. कुकरच्या शिट्ट्या, फोनची घंटी, माझी मागून मारलेली हाक. तीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढल्यावर आधी बारीक आवाज जातात, हे पुढं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. मला ते पोपटांनी सांगितलं होतं.

मी काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. फक्त एक नवी रीत सुरू झाली. एखादं इंजिन चालू केलं की ते मला हाक मारायचे. "ये गं मास्तरीण. तुजं मराठी कसं हाय बघू. काय वाजायलंय?" गिऱ्हाइकाला वाटायचं नवरा-बायकोची मस्करी चाललीय. मी सांगायची, "फोडणीत मोहरी तडतडतीय." ते म्हणायचे, "टायमिंग पुढं गेलंय." मी म्हणायची, "तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं चर्र होतंय." ते म्हणायचे, "गॅस्केट हवा सोडायलंय." "सुपात ज्वारी पाखडल्यासारखं." "चेन सैल." "दारावर नखानं टकटक." "टॅपेट सैल, व्हॉल्व्ह दाबतंय ते." मी आयुष्यभर निबंध तपासले, पण माझ्या शब्दांना इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलेलं नव्हतं. खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखात होते. त्यांचा कान जात होता आणि मी सुखात होते, याची आजही लाज वाटते.

तसा तो हिवाळा संक्रांतीला येऊन ठेपला. मी पुरणपोळ्यांना बसले होते. दाराशी मिस्त्री उभे, हात काळे, म्हणून उंबऱ्याच्या आत येईनात.

"थोडी कणीक दे."

"सणाच्या दिवशी कणीक कशाला?"

त्यांनी समजावलं. हेडचा तळ मशीनवर थोडा तासून घेतला होता, म्हणजे पेट्रोलचा वारा जास्त दाबला जाईल. पण त्यामुळं व्हॉल्व्ह खाली सरकले. आता खालून वर येणारा पिस्टन त्यांना धडकायला नको. मधे किती जागा उरते ते कळायला पिस्टनवर काहीतरी मऊ चिकटवायचं, हेड बसवायचं, इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं आणि पुन्हा उघडून बघायचं. व्हॉल्व्हचा ठसा उमटतो. तो कापून तळाची जाडी मोजली की तेवढं अंतर. व्हिडिओतली माणसं मुलांच्या खेळण्यातली रंगीत माती वापरतात. संक्रांतीला मानवतचं मार्केट बंद.

मी लिंबाएवढा गोळा काढून दिला. सकाळपासून तेलात तिंबलेली, पुरणपोळीची, ताणली तर हातभर जाईल अशी कणीक. तीच तेवढी मळलेली होती.

त्यांनी ती लावली, हेड आवळलं, इंजिन फिरवलं, हेड उचलून बाजूला ठेवलं आणि जेवायला आले. कटाची आमटी आणि तूप-पोळी झाली, थोडं आडवं होणं झालं. दुपारी उतरत्या उन्हात त्यांनी ब्लेडनं कणीक कापली आणि मोजली. "दोन मिलिमीटरच्या वर हाय. बक्कळ झालं." मी तिथंच उभी होते. तो कापलेला तुकडा मला जरा गुबगुबीत वाटला. मनात काहीतरी टोचलं. पण हळदीकुंकवाच्या बायका दारात आल्या होत्या, आणि मी वाण द्यायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी करिदिन. आमच्याकडं करीच्या दिवशी नवं काही सुरू करत नाहीत. कुणीतरी तसं म्हणालंही. मिस्त्री म्हणाले, "इंजिनाला पंचांग कळत न्हाई." नंदूशेठ पेढे घेऊन आले होते. सेलूच्या पुढं देवगाव फाट्यापर्यंत पहिली चक्कर मारायची असं ठरवूनच आले होते. ट्रॅक्टर घेऊन आलेले चार-पाच शेतकरी गाडीभोवती उभे राहिले.

गाडी चालू झाली आणि सगळे एक पाऊल मागं सरले. तो आवाज मला नीट सांगता येणार नाही. आधीची गाडी खोकत होती, ही घशातून बोलत होती. नंदूशेठनी पाय दाबला तसा पुढच्या दोन कार्बोरेटरांतून वारा ओढल्याचा लांब घोष उठला आणि वर चढत गेला. मिस्त्रींचा चेहरा उजळला. जाडा आवाज त्यांना येत होता ना. आणि त्या घोषाच्या अगदी शेंड्यावर मला दुसरं काहीतरी ऐकू आलं. कणीक मळताना परातीच्या काठाला बांगडी लागावी, तसं. टिक, टिक, टिक.

मिस्त्रींनी सवयीनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

"अहो, टिकटिक करायलंय. वर गेलं की."

"टॅपेट आसंल."

"टॅपेट मला कळतंय आता. हे दुसरं हाय."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. संक्रांतीचा नवा चुडा, दोन्ही हातांत बारा-बारा हिरव्या बांगड्या. "तुज्या बांगड्या वाजायल्या आसतील," ते म्हणाले, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं नको तितक्या मोठ्यानं म्हणाले. सगळे हसले.

कालचा तो गुबगुबीत तुकडा मला आता कळला: आम्ही जेवून उठेपर्यंत कणीक फुगली होती आणि माप खोटं होतं. मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं का? मी बोलत राहिले तर सगळ्यांसमोर उघड होणार की मिस्त्रींना ऐकू येत नाही, आणि त्या कानावर आमचं घर होतं. नाही बोलले तर देवगाव फाट्याच्या मोकळ्या रस्त्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला धडकून तुटणार, आणि दीड महिना करंगळीनं चाचपलेलं हेड भंगारात जाणार. तसलं दुसरं हेड हैदराबादेपर्यंत कुठं मिळणार नव्हतं. एक तर त्यांची अब्रू जाणार होती, नाही तर त्यांचं काम.

संक्रांतीच्या बांगड्या उतरवत नाहीत. करीच्या दिवशी तर मनातही आणत नाहीत. मी एकेका हातानं त्या कोपराकडं सरकवल्या, मांसात रुतेपर्यंत, आणि एका हातावर पदर आणि दुसऱ्यावर हातरुमाल करकचून आवळला. कुणी हसलं नाही. मी दोन्ही हात सगळ्यांसमोर हलवून दाखवले. मुके हात.

"आता दाबा, नंदूशेठ."

घोष चढला. टिक, टिक, टिक.

"वहिनी, मला तर काय बी येईना ऐकू," नंदूशेठ म्हणाले. "मिस्त्री, तुमाला येतंय का?"

मिस्त्री माझ्या हातांकडं बघत होते. तिथं आवळलेल्या पदराच्या कडेला कातडीवर लाल वळ उठले होते. ते पुढं झाले, हात घालून चावी फिरवली. एकदम शांत झालं. कुठंतरी कापसाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"मला न्हाई येत ऐकू," ते म्हणाले. "दिवाळीपासून बारीक काय बी येत न्हाई. हिला यायलंय, म्हंजी हाय."

नंदूशेठनी पेढ्यांचा पुडा उघडायला घेतलेला, तो पुन्हा बांधला. मला वाटलं होतं मिस्त्रींचा चेहरा पडेल. तसं झालं नाही. त्यांनी पाना उचलला आणि बोल्ट ढिले करायला लागले, आणि मी भिंतीकडं तोंड करून रडले, कारण माझ्याच्यानं दुसरं काही होईना.

हेड उचललं. पिस्टनच्या काळ्या माथ्यावर चकचकीत नखाएवढी कोर उमटली होती. व्हॉल्व्हनं नुसतं शिवून बघितलं होतं. अजून वाकलं काही नव्हतं. मिस्त्रींनी त्या कोरीवर बोट ठेवलं.

"कणीक फुगती हे तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि बायका आल्या होत्या."

ते हसायला लागले. मग मीही हसले. मग ते म्हणाले, "जा, भाकरीचं पीठ मळून आण. लबाडी न करणारं."

पिस्टनच्या माथ्यात व्हॉल्व्हपुरता खोलगा त्यांनी तासला. ज्वारीच्या पिठात ठसा उमटला तो तासाभरानंही तसाच होता. त्या दिवशी चुकीचं माप कणकेनं दिलं म्हणतात सगळे. पण कणीक मी दिली होती.

त्यानंतर दोन महिने ट्रॅक्टर कमी आले. माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, फक्त दुसऱ्या रस्त्यानं जातात. मिस्त्री रिकाम्या वर्कशॉपात व्हॉल्व्ह घासत बसायचे. मग एकेक जण परतला. आता कुणी आलं की आधी विचारतं, "मास्तरीणबाई शाळंतून आल्या का?" नसेन तर बाकावर बसून राहतं. मला या गोष्टीचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्या चक्करीला नंदूशेठनी मिस्त्रींना बोलावलं. गाडीत जागा दोघांची. मिस्त्री म्हणाले, "हिला न्या." सेलू मागं पडलं, दोन्हीकडं उभी ज्वारी, वारा तोंडावर असा येत होता की डोळ्यांतून पाणी वाहिलं. देवगाव फाट्यावर चहा प्यायलो. जाताना आणि येताना मी शब्द शोधत होते. घरी पोचल्यावर ते विचारणार होते आणि मला सांगायचं होतं. स्वयंपाकघरातला एकही आवाज पुरला नाही. मोहरी नाही, सूप नाही, तवा नाही.

"कशी वाजती?" त्यांनी वर्कशॉपच्या दारातच विचारलं.

आत गेलो, दोघंच, तेव्हा त्यांचा हात घेतला आणि माझ्या गळ्यावर ठेवला. तोंड मिटून तो आवाज काढला, खालून वर, चढत चढत, दम पुरेपर्यंत. बोटं काळी होती, गळ्याला तेल लागलं. ते डोळे मिटून उभे होते, पूर्वी इंजिनापुढं उभे राहायचे तसे.

आता जाडे आवाजही पुसट झालेत. कानात घालायचं यंत्र आणलं, ते शिट्ट्या मारतं म्हणून कपाटात आहे. आज सकाळी हिरवी गाडी रस्त्यावरून गेली तेव्हा ते स्वयंपाकघरात चहा घेत होते. खिडकीची काच थरथरली, त्यावरून त्यांना कळलं. उठून माझ्याजवळ आले. माझे हात पिठात. त्यांनी दोन बोटं माझ्या गळ्यावर टेकवली.

"काय म्हणती?"

मी हुंकार भरला. खालून वर, जसा ऐकला तसा, मधल्या बारीक अडखळण्यासकट, काही विचार न करता. तव्यावरची भाकरी फुगून करपायला लागली, तरी थांबले नाही.

त्यांनी बोटं काढली, चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाले, "नंदूशेठला फोन लाव. एक टॅपेट सैल झालंय."